ढेप आणायला सांगितली, मी गुळाची आणली

पंचगंगा_ते_तापी
नमस्कार मंडळी. माझं माहेर कोल्हापूरकडचं आणि सासर अमळनेर तालुक्यातलं. लग्नाला दीड वर्ष झालं, अहिराणी आता समजते पण बोलायला गेले की घरातली बारकी पोरं हसतात. तर झालं असं, मी नोकरीला जळगावला असते आणि शनिवारी गावी जाते. परवाच्या शनिवारी निघायच्या आधी सासऱ्यांचा फोन, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, "माय, येतांना ढेप लई येजो, सरी गई." म्हणजे ढेप घेऊन ये, संपली. एवढं बोलून फोन ठेवला. मी म्हटलं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय, मांडे करायचे असणार, पुरणाला गूळ लागणार. बाजारात जाऊन चांगली पिवळीधमक दहा किलोची ढेप घेतली, घासाघीस करून घेतली, आणि एसटीत मांडीवर ठेवून आणली कारण खाली ठेवली तर लोकांचे पाय लागतात. अमळनेरला उतरेपर्यंत मांड्यांना मुंग्या आलेल्या.

घरी पोचले तर नाना गोठ्यातनंच आले, पिशवीत डोकावले आणि म्हणाले, "हाई काय लई उनी वं माय?" म्हटलं ढेप. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, बोलले काहीच नाहीत. आतून सासूबाई म्हणाल्या, "म्हैसले पुरनपोयी कर आते." तेव्हा कळलं की यांची ढेप म्हणजे म्हशीचं खाणं. म्हैस त्या रात्री नुसत्या चुनीवर राहिली आणि सकाळी दूध अर्धा लिटर कमी दिलं असं नाना म्हणतात, मला वाटतं मुद्दाम म्हणतात.

आता मला सांगा, ही ढेप नक्की कशाची असते, कशातून उरते? आणि गुळाला ढेप म्हणणारे आम्ही चुकलो का तुम्ही?

ना_भो
हसून हसून पोट दुखलं ना भो. दहा किलो गूळ मांडीवर.

जिनिंगची_सावली
ताई, चूक कुणाचीच नाही. मी पाचोऱ्याकडचा, लहानपण जिनिंगच्या आवारात गेलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

शेतकरी कापूस आणतो तो बी सकट असतो. जिनिंगमध्ये त्यातला तंतू वेगळा होतो ती रुई, आणि मागे राहतं ते बी म्हणजे सरकी. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण 33 ते 35 किलो, थोडी घट जाते, बाकी सगळी सरकी. म्हणजे ज्याला आपण कापूस म्हणतो तो वजनाने बघितला तर दोन हिस्से सरकीच आहे. ही सरकी जाते तेलाच्या मिलमध्ये, तिथे एक्सपेलरला दाबून तेल काढतात आणि तेल गेल्यावर जो दाबलेला माल बाहेर पडतो ती ढेप. शंभर किलो सरकीला तेल निघतं दहा ते तेरा किलो, आणि ढेप ऐंशीच्या वर. आता तुम्हीच बघा उरलेलं कशाला म्हणायचं. आमच्याकडे गंमतीने म्हणायचे की मिलवाला ढेप विकतो आणि तेल त्याला फुकट पडतं.

गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याने तुम्हाला कापसाचा भाव कमी सांगितला आणि का म्हणून विचारलं तर तो म्हणतो "सरकी बसली", म्हणजे सरकीचा भाव पडला. सरकी का बसली तर ढेपेला उठाव नाही. ढेपेला उठाव का नाही तर पाऊस चांगला झाला, हिरवा चारा भरपूर, लोकांनी ढेप कमी केली. म्हणजे म्हशीने काय खाल्लं यावर बांधावरच्या कापसाचा भाव हलतो. वायदे बाजारात सुद्धा सरकी ढेपेचा सौदा आहे, त्याचं केंद्र आपल्या शेजारचं अकोला.

कृष्णाकाठ
आमच्याकडे कराड भागात याला पेंड म्हणतात. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, करडईची पेंड. भिजवून कोंड्यात कालवली की आंबोण. ढेप म्हटलं की गूळच. त्यामुळे ताई तुमची बाजू मी घेणार, आपण दोघं कृष्णा-पंचगंगेकडचे.

पंचगंगा_ते_तापी
हो हो, आमच्याकडेही पेंडच की! आमच्या गोठ्यात पोतं असायचं आणि मी स्वतः कालवलीय. तीच वस्तू, नुसतं नाव वेगळं, आणि मला एकदाही डोक्यात आलं नाही. यार्डात गुळाला रवा म्हणतात पण घरी बोलताना ढेपच. बाहेर ठेवलेल्या पोत्यावर पण मोठ्या अक्षरात सरकी पेंड लिहिलेलं होतं, ते रिकामं पोतं मी पायपुसणं म्हणून वापरते आणि तरी कळलं नाही.

ना_भो
पोत्यावर पेंडच लिहिलेलं असतं बरं का सगळ्या ठिकाणी. कंपनी पेंड छापते, दुकानदार ढेप विकतो, गिऱ्हाईक ढेप मागतं. उभ्या जन्मात जळगावात कोणी दुकानात जाऊन "पेंड द्या" म्हटलेलं मी ऐकलं नाही. निंबोळीचं मात्र उलटं आहे, तिला आम्ही पण निंबोळी पेंडच म्हणतो, बहुतेक ती खताच्या दुकानातून आली म्हणून नाव पण तिथलंच घेऊन आली.

रावेरची_वापसी
घोडं पेंड खातं याचं काय मग? खान्देशात घोडं ढेप खातं म्हणायचं का 😄

ना_भो
आठवीत मी सरांना हेच विचारलं होतं. सर म्हणाले "तू बस खाली". तिथंच घोडं पेंड खातंय.

तेलीगल्ली
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमचा धुळ्याला लाकडी घाणा होता, आजोबांचा, मी सात-आठ वर्षांचा असताना बंद झाला, तरी वास अजून नाकात आहे. ज्यांनी फक्त एक्सपेलर बघितलाय त्यांना ढेप हे नाव का पडलं ते कळणार नाही कारण एक्सपेलरमधून येतात त्या पापडीसारख्या चपट्या कपच्या, त्यात ढेप म्हणण्यासारखं काय आहे? घाण्यात तसं नव्हतं. मोठ्या उखळीत लाट फिरायची, बैलाच्या डोळ्यावर ढापण, आणि तीळ जसजसे दाबले जायचे तसतसं तेल मधे साठायचं आणि चोथा उखळीच्या अंगाला चिकटून घट्ट बसत जायचा. तेल काढून घेतलं की आजोबा पहारीने तो चिकटलेला माल खरवडून उचकटायचे आणि तो फुटायचा तो मोठ्या मोठ्या वाकड्या तुकड्यांत, फुटक्या रांजणाच्या खापऱ्या असतात ना तशा, आतली बाजू उखळीच्या गोलाईची आणि गुळगुळीत. हातात धरल्या तर गरम. ती ढेप. म्हणजे घट्ट बसलेला गोळा. गुळाचा गोळा असेल तर गुळाची ढेप, तिळाचा असेल तर तिळाची. शब्द आकाराचा आहे, मालाचा नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. तिळाचा घाणा उतरला की गल्लीतली पोरं दारात रांग लावून. आजी त्यातला एक तुकडा घ्यायची, कोपऱ्यात गुळाची ढेप असायची तिच्यातला एक खडा काढायची आणि दोन्ही खलात घालून कुटायची, मग एकेकाच्या हातावर लिंबाएवढा गोळा. बोटांना तेल सुटायचं. शाळेच्या वहीवर डाग पडायचे. त्या खलात ताईंची ढेप आणि नानांची ढेप एकाच वेळी असायची त्यामुळे आम्हाला कधी प्रश्न पडला नाही.

भरीत_आणि_कळणा
किती छान लिहिलंय. तिळाची ढेप आम्ही पण खाल्लीय, शेंगदाण्याची पण. सरकीची मात्र कोणी खाऊ नका, ती खरंच गुरांचीच.

शुद्धलेखन_काका
तेलीगल्ली यांचा मुद्दा बरोबर आहे. ढेप, ढेकूळ ही सगळी गोळा या अर्थाची मंडळी. पेंड आणि पेंढी यांचा घोळ मात्र करू नये, पेंढी म्हणजे कडब्याची जुडी, तिचा तेलाशी काही संबंध नाही. काल एका बातमीत "गुरांना पेंढ चारली" असं वाचलं आणि जेवण गेलं नाही.

रावेरची_वापसी
काका मग "भारताची फलंदाजी ढेपाळली" यात काय आहे? 120 वर 2 वरून 160 वर सर्वबाद म्हणजे ढेप झाली का?

शुद्धलेखन_काका
मला तरी पावसात बसलेलं मातीचं ढेकूळच दिसतं त्या शब्दात. आकार असतो, पाणी लागतं आणि खाली बसतं. सरकीच्या ढेपेला तर तेवढा पण वेळ लागत नाही, बादलीत टाकली की पंधरा मिनिटांत ढेपाळते.

गुरांचा_डॉक्टर
विषय माझ्या धंद्याचा निघाला म्हणून चार शब्द. रिटायर झालो तरी लोक फोन करून विचारतातच.

नानांचं म्हणणं अगदीच खोटं नाही हं ताई, दुभत्या म्हशीचं खाणं एकदम बदललं की दूध हलतं. पण नुसती ढेप म्हणजे खुराक हा गैरसमज खान्देशात घरोघरी आहे. म्हशीला स्वतःच्या अंगासाठी किलो-दीड किलो आणि दुधाच्या दर दोन लिटरला साधारण एक किलो असा एकूण खुराक धरायचा आणि त्यात ढेप, चुनी, भरडलेला मका, कोंडा सगळं मिळून यायला पाहिजे. ढेपेने फॅट वाढते म्हणून लोक घमेलं भरून ढेप घालतात. सालपटासकट सरकीची जी ढेप मिळते तिच्यात प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्याच्या ढेपेत त्याच्या जवळपास दुप्पट, पण शेंगदाण्याची आता परवडते कुणाला.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या जनावराच्या पोटात ते निभावलं जातं, पण लहान वासराला आणि कोंबड्यांना नाही. अंड्याचा बलक हिरवट पडला म्हणून एकजण माझ्याकडे अंडी घेऊन आला होता, घरी बघितलं तर कोंबड्या म्हशीच्या घमेल्यात जेवत होत्या. दुसरं म्हणजे बुरशी. ओली झालेली, आतून गरम लागणारी, कुबट वासाची ढेप जनावराला घालायची नाही, उन्हात वाळवून तर अजिबात घालायची नाही कारण बुरशी दिसेनाशी होते पण विष तिथंच राहतं. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले, कारण कुणाला कळेना, शेवटी सापडलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेत. अफ्लाटॉक्सिन हे नाव तिथून पुढे आलं. तुमच्या गोठ्यातल्या पोत्यात तेच होऊ शकतं, आणि ते दुधातून घरच्या पोरांपर्यंत येतं.

पोतं जमिनीवर टेकवू नका. खाली फळी.

जिनिंगची_सावली
डॉक्टर साहेब फळीचं लाख बोललात. आमच्या गोदामात पहिल्या पावसात खालची थप्पी दरवर्षी जायची आणि दरवर्षी सगळे नवीन असल्यासारखे आश्चर्य करायचे.

पऱ्हाटी_पेटवा
भेसळीवर कोणी बोलेल का? मी गेल्या महिन्यात तालुक्याच्या एका दुकानातून चार पोती घेतली, नाव नाही घेत. म्हैस वास घेऊन तोंड फिरवायला लागली. मला वाटलं आजारी आहे. मग मुठभर ढेप काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ठेवली, अर्ध्या तासाने बघतो तर वर भुसा तरंगतोय, तळाला बोटभर वाळू, आणि मधलं पाणी लालसर, काय रंग घातला होता देव जाणे. ग्लास घेऊन दुकानात गेलो तर म्हणतो वरूनच असं येतं. वरून म्हणजे कुठून, आभाळातून? चार पोत्यांतली दोन परत घेतली, दोन उघडलेली होती म्हणून नाही घेतली. आता मी आधी एक पोतं आणतो, म्हशीसमोर ठेवतो, तिने खाल्लं तर बाकीची आणतो. तिच्यापेक्षा चांगली लॅब नाही.

ना_भो
म्हैस पास करते का नापास. बरोबर आहे.

सातपुडा_पायथा
शहाद्याहून बोलतो. आमच्या भागात गुजरात इतकं जवळ की व्यापारी कपासिया खोळ म्हणतात. शेतकरी ढेप म्हणतो, व्यापारी खोळ म्हणतो, पोत्यावर पेंड, आणि म्हैस तीच. वरती डोंगरात मोहाच्या बियांचं तेल काढतात, त्याची पण ढेप उरते. ती गुरांना घालत नाहीत, कडू असते आणि विषारी पण. मासे मरतात तिने. मत्स्यशेतीवाले तळं तयार करताना नको असलेले मासे काढायला तीच टाकतात. तसंच एरंडीच्या ढेपेचं, ती फक्त खताला. त्यामुळे ढेप म्हटलं की कशाची हे विचारायलाच पाहिजे, फक्त गूळ-सरकीचा प्रश्न नाही, चुकीची ढेप आणली तर जनावर जाईल.

बऱ्हाणपूरवाला
हमारे इधर, म्हणजे आमच्याकडे, कपास्या खली. बऱ्हाणपूर एकेकाळी खान्देशचीच राजधानी होती हे सहज सांगून ठेवतो, त्यामुळे खली हा शब्द पण खान्देशात धरा.

ना_भो
धरला. बऱ्हाणपूरची जिलेबी पाठवा मग.

पंचगंगा_ते_तापी
बापरे एवढं सगळं असेल असं वाटलं नव्हतं. अजून एक विचारू का? सासूबाई चुनी म्हणतात ते काय? आणि चोथा आणि ढेप यात फरक काय, दोन्ही पिळून उरलेलंच ना?

भरीत_आणि_कळणा
मी सांगते, मी डाळमिलवाल्यांच्या घरातली. जळगावात डाळमिला किती आहेत माहितीय ना, तुरीची, हरभऱ्याची डाळ करताना जो चुरा पडतो, तुकडे, टोकं, थोडं साल, थोडं पीठ, ती चुनी. तूर चुनी, हरभरा चुनी, उडदाची चुनी. मिलच्या मागच्या दाराने विकली जाते. पुढच्या दाराने डाळ मोठ्या शहरांत जाते आणि मागच्या दाराने चुनी आजूबाजूच्या गोठ्यांत. पहाटे सायकलला पोती लावून म्हैसवाले उभे असायचे, वडील म्हणायचे डाळीचं गिऱ्हाईक चेकने पैसे देतं आणि चुनीचं रोख.

चोथा वेगळा. चोथा म्हणजे ज्यातलं सत्व गेलं, दोरे दोरे उरले. चावून टाकलेल्या उसाचा चोथा, चहाचा चोथा, पिळलेल्या लिंबाचा चोथा. त्याला कोणी भाव देत नाही. "डोक्याचा चोथा केला" म्हणतो, डोक्याची ढेप केली असं कोणी म्हणत नाही. ढेप विकतात, चोथा फेकतात. तेलीगल्लींनी वर घाण्याच्या आतल्या मालाला चोथा म्हटलंय आणि बाहेर आल्यावर ढेप, बघा परत वाचून. उखळीत होता तोवर चोथा, हातात आला आणि किंमत आली की ढेप.

तेलीगल्ली
अरे हो की. मी न बघता लिहून गेलो.

भरीत_आणि_कळणा
आणि कळण्याचं तर राहिलंच, माझं नावच आहे. कळणा म्हणजे मुळात डाळ भरडताना निघालेली कणी आणि भरड. "कळणाकोंडा खाऊन दिवस काढले" म्हणजे अगदी गरिबीत काढले. माझी आजी हा शब्द बोलायची तेव्हा आवाज खाली यायचा तिचा, दुष्काळाचं काहीतरी आठवायचं. आणि आज? ज्वारीत अख्खे उडीद घालून मुद्दाम दळून आणतात आणि कळण्याची भाकरी म्हणून खातात, हायवेच्या धाब्यांवर बोर्ड असतात, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांद्याची पात. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना तीच पाहिजे असते. आजी असती तर म्हणाली असती, पाव्हण्यांना कळणा वाढला? लाज नाही वाटली?

आमच्या घरी भरीताची वांगी बामणोदची, काड्यांवर भाजलेली, गॅसवर भाजलेलं भरीत मी भरीत धरत नाही. आणि काड्या कशाच्या, तर कपाशीच्या. म्हणजे ते पण उरलेलंच.

पऱ्हाटी_पेटवा
शेवटी आलं का माझ्या पऱ्हाटीचं नाव! कापूस वेचून संपला की शेतात उभी राहतात ती झाडं म्हणजे पऱ्हाटी, कोणी पऱ्हाट्या म्हणतं, कोणी नुसतं काड्या. पूर्वी वर्षभराचं सरपण तेच. आता गॅस आला, उपटायला मजूर मिळत नाही, लोक बांधावर ढीग लावून पेटवून देतात. माझं नाव तसं आहे पण मी पेटवत नाही, नाव घेताना मूड खराब होता.

रावेरची_वापसी
माझ्या नावाचं पण सांगतो मग. केळीच्या बागेत पहिल्या प्रतीचा माल ट्रकने बाहेर गेला की मागे राहतो तो बारीक, डागाचा, वाकडा घड, त्याला वापसी म्हणतात. बाजारभावात वापसीची वेगळी ओळ असते, नवतीचा म्हणजे नव्या लागवडीचा एवढा, पिलबागचा म्हणजे पिलांवर धरलेल्या बागेचा एवढा, वापसीचा एवढा. वापसीची केळी वेफरला जातात, जवळपास विकली जातात, आणि खरं सांगू, घरी आम्ही तीच खातो. बारावीत कमी मार्क पडले तेव्हा बापाने नाव ठेवलं वापसी. आता पोरगं एमपीएससीचा अभ्यास करतंय तरी फोनवर "काय म्हणतो रे वापसी".

ना_भो
हा धागा उरलेल्यांचं संमेलन झालाय.

कृष्णाकाठ
तुपाची बेरी पण घ्या त्यात. कढवताना तळाला बसते ती, साखर घालून. त्यावर आमच्या दोन भावांची मारामारी व्हायची आणि तूप मात्र दोघं पण ताटात सोडायचो.

सासूच_बोलते
मी पहिल्यांदाच लिहिते आहे, मुलाने मराठी टाईप करून दिलं. पोरी तुझ्या सासूने टोमणा मारला असेल पण मनावर घेऊ नको. मी लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा मला सासऱ्यांनी मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात तिथे, पाठवलं होतं आणि "देठ खुडून ठेव" म्हणाले, मी मिरच्या टाकल्या आणि देठ जपून ठेवले. चाळीस वर्षं झाली, अजून लग्नाकार्यात कोणीतरी काढतंच. आणि तो गूळ कुठे गेला हे सांगितलं नाहीस. दहा किलो गूळ. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाया आम्ही, गूळ वाया जाऊ देणार नाही.

पंचगंगा_ते_तापी
मावशी, देठांची गोष्ट वाचून मी ऑफिसमध्ये मोठ्याने हसले 🙏

गुळाचं सांगते. नाना दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सरकीची ढेप घेऊन आले. गुळाची ढेप सासूबाईंनी जुन्या सुती साडीत गुंडाळून कोठीत ठेवली, आणि आखाजीच्या दोन दिवस आधी माझ्या नणंदा माहेरपणाला आल्या तेव्हा ती निघाली. नाना फरशीवर बसून बत्त्याने ती फोडत होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला "सूनबाईनी म्हैसना गूळ" म्हणून खडा देत होते. खापरावर मांडे झाले. मी एक मांडा हातावर फिरवायला घेतला आणि तो कोपरापर्यंत गेला आणि फाटला, त्याचं जे उरलं ते पोरांनी खाल्लं. आणि एक खडा नानांनी खरंच चुनीत कुस्करून म्हशीला घातला. डॉक्टर साहेब, चालतं ना?

गुरांचा_डॉक्टर
एक खडा चालतो. अख्खी ढेप एका वेळी घातली असती तर मला यावं लागलं असतं. पोटात आंबलं असतं.

पंचगंगा_ते_तापी
थोडं पुढचं. आखाजी झाल्यावर चार दिवस कोल्हापूरला आले. काल भावाने सांगितलं बाजारातनं येताना गोठ्याचं सामान आण. मी दुकानात गेले आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "सरकी ढेप आहे का?"

दुकानदाराने डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. म्हणाला, "ताई, गूळ सगळा खाजगीच असतो. सरकारी ढेप अजून आली नाही मार्केटला."